सातासमुद्रापार बाळंतपण : आई परतल्यावर आधार कुणाचा?

प्रश्न : माझी लेक न्यू जर्सीत एडिसनला राहते. लग्नाआधी अंधेरीला चांगल्या नोकरीत होती. अमेरिकेत तिला अजून काम करण्याची परवानगी नाही. सप्टेंबरात तिचं पहिलं बाळंतपण आहे. आम्ही दोघं जाणार आहोत, पण सहा महिन्यांनी परतावंच लागेल. तिच्या इमारतीतली एक चिनी मुलगी नुकतीच बाळंत झाली. महिनाभर ती घराबाहेर पडली नाही. रोज गरम सूपाचे डबे दारात येत होते, एक अनुभवी बाई रात्रंदिवस मदतीला होती आणि अडलंनडलं विचारायला तिच्यासारख्याच आयांचा मोठा गट फोनवर होता. लेक म्हणते, ‘आई, यांचं इतकं छान जमतं, मग आपल्याच लोकांचं का नाही जमत?’ चिनी लोकांत एकी जास्त, म्हणून हे होतं का? आमच्या माघारी तिला कोण बघेल? आणि महाराष्ट्र मंडळं गणपती-दिवाळीपुरतीच असतात का?
– एक वाचक, मुलुंड (पूर्व)

उत्तर : तुमच्या पत्रात तीन शंका एकमेकींत गुंतल्या आहेत. चिनी आयांचं जमतं ते एकीमुळे का, आपल्या मुलींना असा आधार मिळतो का, आणि तुम्ही परतल्यावर काय. थोडक्यात उत्तर असं : एकी हे मुख्य कारण नाही, आधार मिळतो, पण तो शोधावा लागतो, आणि त्या शोधातच तुमचे सहा महिने सर्वांत जास्त उपयोगी पडतील. आता एकेक गाठ सोडवू.

आधी हे पाहू, की नव्या आईला नेमकं लागतं काय? अमेरिकी समाजशास्त्रज्ञ जेम्स हाउस यांनी १९८१ मध्ये माणसाला माणसांकडून मिळणाऱ्या आधाराचे चार प्रकार सांगितले. हाताची मदत, माहिती, मायेचा शब्द आणि ‘तुझं बरोबर चाललंय’ हा भरवसा. मुलुंडला बाळंतीण घरी आली, की हे चारही तिला न मागता मिळतात, आणि गंमत म्हणजे ते एकाच माणसाकडून मिळत नाहीत. अंघोळ-मालिश करायला बाई येते. केर-भांडी करणाऱ्या ताई बाळाचे कपडेही धुऊन टाकतात. समोरच्या काकू हळिवाचे लाडू आणून देतात आणि दोन गोष्टी सांगून जातात. वर्षापूर्वी बाळंत झालेली वहिनी रात्री अकरालाही फोन उचलते. कोपऱ्यावरचे बालरोगतज्ज्ञ ‘वजन छान वाढतंय’ म्हणतात आणि घरातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो.

परदेशी गेलेल्या मुलीच्या हातून ही सगळी माणसं एकदम सुटतात. आपण म्हणतो, ‘तिला आईची उणीव भासते.’ ते खरंच आहे, पण अर्धंच. तिला मालिशवाली, काकू, वहिनी आणि ताई या सगळ्यांचीच उणीव भासत असते. म्हणूनच एकट्या आईने जाऊन ती पूर्ण भरून निघत नाही, आणि या सगळ्या भूमिका एकटीने निभावताना आईही दोन महिन्यांत थकून जाते.

त्यात अमेरिकेतली व्यवस्था तिला फार वेळ देत नाही. सुरळीत प्रसूतीनंतर साधारण दोन दिवसांत आणि सिझेरियननंतर चार दिवसांत घरी जायचं असतं. विमा कंपनीने यापेक्षा आधी मुक्काम तोडू नये, म्हणून तिथे १९९६ मध्ये कायदा करावा लागला. आपल्याकडे मातृत्व रजेच्या कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर नोकरदार आईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा मिळते. अमेरिकेत देशपातळीवर १९९३ च्या कायद्याने फक्त १२ आठवडे बिनपगारी रजा आहे, तीही अटी पूर्ण केल्या तरच. काही राज्यं आणि कंपन्या जास्त देतात, न्यू जर्सी त्यांपैकी एक आहे. तरी बाळाचे बाबा काही आठवड्यांत कामावर रुजू होतात आणि सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा आई आणि बाळ दोघंच घरात उरतात. खरा कठीण काळ तिथून सुरू होतो.

आता त्या चिनी शेजारणीकडे वळू. तिने पाळलेल्या प्रथेला ‘झुओ युएझी’ म्हणतात. बाळंतपणानंतर साधारण तीस दिवस बाळंतिणीने घरात राहायचं, गार वारा आणि गार पाणी टाळायचं, आलं घातलेली गरम सूपं, लाल खजुरांचा चहा असं पोषक खायचं. महिना भरला की लाल रंगवलेली अंडी वाटून बाळाचा सोहळा करायचा. कानाला रुमाल, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू आणि बाराव्या दिवसाचं बारसं असलेल्या आपल्या सव्वा महिन्याशी हे किती जुळतं, ते तुम्हाला सांगायला नकोच.

फरक पडतो तो पुढे. चीन, तैवान आणि हाँगकाँगमध्ये या महिन्याचा रीतसर व्यवसाय झाला आहे. बाळंतिणीकडे मुक्कामाला राहणाऱ्या प्रशिक्षित बाईला ‘युएसाव’ म्हणतात. महिनाभर सूपाचे डबे पोचवणारी स्वयंपाकघरं आहेत, बाळंतिणींसाठी वेगळी निवासी केंद्रंही आहेत. न्यूयॉर्कचं फ्लशिंग किंवा लॉस एंजेलिसजवळचं सॅन गॅब्रिएल खोरं, जिथे चिनी वस्ती दाट आहे, तिथे हा व्यवसायही पोचला. तेव्हा तुमच्या लेकीने जे पाहिलं, त्यातला बराच भाग पैसे मोजून घेतलेली सेवा आहे. दाट वस्तीमुळे ती सहज मिळते.

ही सेवा प्रत्येक चिनी आईला परवडते असंही नाही. फुजियान प्रांतातून न्यूयॉर्कला आलेल्या आणि हॉटेलांत, शिवणकामाच्या कारखान्यांत राबणाऱ्या कित्येक आयांनी काही महिन्यांचं तान्हं बाळ चीनला आजी-आजोबांकडे पाठवलं आणि शाळेच्या वयाचं झाल्यावर परत आणलं. बाळ सांभाळायला माणूस नाही आणि पाळणाघराचा खर्च झेपत नाही, हे त्यामागचं कारण. त्यामुळे ‘चिनी लोकांचं सगळं छान’ हा समज मनातून काढून टाकावा.

तरीही त्यांच्या मंडळांचं जाळं आपल्यापेक्षा जुनं आहे, हे मान्य करावं लागेल. त्याचं कारण त्यांच्या इतिहासात आहे. चिनी मजूर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून अमेरिकेत आहेत. १८७५ च्या एका कायद्याने चिनी स्त्रियांना तिथे येणं जवळजवळ अशक्य करून टाकलं, १८८२ च्या कायद्याने मजुरांनाही दार बंद झालं. तो कायदा रद्द व्हायला १९४३ उजाडलं. सरकार आणि समाज दोन्ही विरोधात, म्हणून त्यांनी आपल्या जिल्ह्याच्या आणि आडनावांच्या नावाने संस्था काढल्या. नवख्याला झोपायला जागा, काम आणि अडीनडीला पैसे तिथे मिळत. आपल्या गिरणगावात रत्नागिरी-साताऱ्याहून आलेल्या कामगारांनी गावकऱ्यांच्या खोल्या आणि गावाची मंडळं उभी केली ती याच गरजेतून. माणसं अडचणीमुळे जवळ येतात. कुठल्या एका समाजाच्या रक्तात एकी असते, असं काही नसतं.

मराठी माणसं अमेरिकेत मोठ्या संख्येने गेली ती १९६५ चा नवा स्थलांतर कायदा आल्यावर. गेलेले बहुतेक डॉक्टर, इंजिनीअर, विद्यार्थी. शिकागोचं महाराष्ट्र मंडळ १९६९ चं, आणि उत्तर अमेरिकेतल्या मंडळांना जोडणारं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चं. लंडनचं महाराष्ट्र मंडळ मात्र १९३२ पासून आहे. १९९० च्या कायद्याने एच-१बी व्हिसा आला आणि अंधेरीच्या सीप्झसारख्या ठिकाणच्या सॉफ्टवेअर कंपन्यांतून बोरिवली, मुलुंड, घाटकोपरची मुलं भराभर तिकडे निघाली. ही मंडळी नोकरी हातात घेऊनच गेली. राहायची सोय कंपनी बघत होती, त्यामुळे मंडळाच्या दारात मदत मागायला जायची वेळ फारशी आली नाही. साहजिकच मंडळांचा भर नाटकं, गाणी आणि सणांवर राहिला.

पण या मुलांच्या बायकांची गोष्ट वेगळी होती. एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावर गेलेल्या मुलींना नोकरी करता येत नसे. मे २०१५ पासून त्यांतल्या काहींना, म्हणजे ज्यांच्या जोडीदाराचा ग्रीन कार्डाचा अर्ज ठरावीक टप्प्यापुढे गेला आहे त्यांना, परवाना मिळू लागला. तुमची लेक बहुधा अजून त्या टप्प्याच्या अलीकडे आहे. नोकरी नाही म्हणजे फक्त पगार नाही असं नाही. डब्याच्या वेळच्या मैत्रिणी, लोकलमधला ग्रुप, ‘अगं, माझ्या बाळालाही असंच व्हायचं’ म्हणणारी शेजारच्या टेबलावरची सहकारी, हे सगळंच नाही. गाडी चालवता येत नसेल, तर एकटेपणा दुप्पट. म्हणून तिचा गाडी चालवण्याचा परवाना अजून निघाला नसेल, तर बाळंतपणाआधी निघेल असं बघा. डबे आणि लाडवांइतकीच ही तयारी महत्त्वाची आहे.

मंडळ काय करू शकतं, हा तुमचा पुढचा प्रश्न. मंडळाकडून बाळंतिणीच्या देखभालीची अपेक्षा केली तर निराशा होईल. ते त्याचं कामच नाही. मंडळाचा उपयोग ओळखी होण्यापुरता आहे, आणि तो उपयोग मोठा आहे. न्यू जर्सीत ‘मराठी विश्व’सारखी जुनी संस्था आहे, शनिवार-रविवारच्या मराठी शाळा आहेत. गणपतीत शेजारी बसलेल्या बाईचं बाळ तुमच्या नातवंडाहून सहा महिन्यांनी मोठं निघतं, फोन नंबरांची देवाणघेवाण होते, आणि पंधरा-वीस आयांच्या एखाद्या गटात लेकीचं नाव जातं. खरा आधार या छोट्या गटात असतो.

तिथे काय चालतं, ते जवळून पाहण्यासारखं आहे. सकाळी सातला एकीचा निरोप : ‘पाळणा आहे, वर्षभर वापरलेला, गादीसकट. कोणाला हवाय?’ दहा मिनिटांत तो पाळणा कुणाच्या तरी नावावर होतो. दुपारी दुसरी विचारते, ‘दात येताना ताप येतो का?’ त्यावर तिघी आपला अनुभव सांगतात आणि चौथी ठामपणे म्हणते, ‘जास्त असेल तर दातावर ढकलू नकोस, डॉक्टरांना फोन कर.’ नवी बाळंतीण घरी आली की एकजण तक्ता टाकते : सोमवारी वरण-भात-मेथीची भाजी कोण, बुधवारी खिचडी-कढी कोण. अमेरिकी कुटुंबांतही शेजारी-मित्रांनी वार वाटून घेऊन जेवण पोचवायची पद्धत आहे, त्यामुळे इमारतीतल्या इतरांनाही ही कल्पना परकी वाटत नाही.

यात अगदी जिवलग मैत्रीण एखादीच असते, बाकीच्या साध्या तोंडओळखीच्या. पण तोंडओळख कमी लेखू नये. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये मांडलं, की नवी माहिती बहुतेक वेळा जवळच्यांकडून येत नाही, लांबच्या ओळखीच्यांकडून येते. जवळच्या मंडळींना जे ठाऊक असतं, ते आपल्यालाही ठाऊक असतंच. चांगलं पाळणाघर कुठलं, विम्यात काय बसतं, मराठी समजणाऱ्या डॉक्टर कुठे आहेत, हे असंच कळतं. याच कारणाने शोध फक्त मराठी घरांपुरता ठेवू नये. एडिसनला गुजराती, तेलुगू, तमिळ आया भरपूर आहेत, आणि ती चिनी शेजारीण तर भिंतीपलीकडेच आहे. तिचा महिना नुकताच पार पडला आहे. तिच्याइतकी ताजी माहिती दुसऱ्या कुणाकडे असणार?

एक समज इथे दूर करायलाच हवा. ‘मुलगी मुलुंडला असती, तर तिला उदास वाटलंच नसतं.’ असं नसतं. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यातल्या २३ टक्के आयांना नैराश्य असल्याचं आढळलं. या बाया आपल्याच मुलखात, आपल्याच माणसांत होत्या. गरिबी, नवऱ्याशी बिघडलेलं नातं, मुलगी झाली म्हणून नाराजी, हे त्यामागचे धोके होते. म्हणजे भोवती माणसं असणं वेगळं आणि माणसांचा आधार असणं वेगळं. घरभर पाहुणे आणि त्यातला प्रत्येकजण ‘दूध पुरत नाही वाटतं’ म्हणणारा, अशा गर्दीपेक्षा ऐकून घेणारी एक मैत्रीण बरी.

म्हणून लक्षणं ओळखायला शिका. पहिल्या काही दिवसांतलं रडू बहुतेकींचं आपोआप ओसरतं. दोन आठवड्यांनंतरही मन उदास राहिलं, बाळ झोपलेलं असतानाही झोप येईना, बाळाबद्दल काही वाटेनासं झालं, तर ‘होतं असं’ म्हणून सोडून देऊ नका. एडिनबर्गमध्ये तयार झालेली दहा प्रश्नांची एक साधी चाचणी १९८७ पासून जगभर वापरली जाते. बाळाच्या किंवा आईच्या तपासणीच्या वेळी ती मागून घ्यावी. अमेरिकेत २०२२ पासून मातांच्या मानसिक आरोग्यासाठी चोवीस तासांची मोफत सरकारी हेल्पलाइनही आहे. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार आले, तर एक क्षणही न थांबता तातडीची मदत बोलवायची.

आता तुमच्या सहा महिन्यांविषयी. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीतून मिळणारा पर्यटक व्हिसा बहुधा दहा वर्षांचा असतो, पण एका खेपेला किती राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि ते साधारण सहा महिने असतं. त्या व्हिसावर पगारी काम करता येत नाही. स्वतःचा प्रवासी वैद्यकीय विमा घ्यायला विसरू नका, तिथले दवाखाने अत्यंत महाग आहेत. सामानातला प्रत्येक खाद्यपदार्थ विमानतळावर जाहीर करा. बरीच कुटुंबं आणखी एक शहाणपण करतात : दोन्हीकडचे आजी-आजोबा एकदम न जाता पाळीपाळीने जातात, म्हणजे बाळाचं जवळजवळ वर्ष निघतं. लेकीच्या सासूबाईंशी आताच बोलून घ्या.

देशानुसार सोयी बदलतात, हेही लक्षात ठेवा. कॅनडात २०११ पासून आईवडिलांसाठी ‘सुपर व्हिसा’ आहे आणि २०२२ पासून त्यावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं. नेदरलँड्समध्ये प्रसूतीनंतर आठवडाभर प्रशिक्षित मदतनीस घरी येते आणि खर्चाचा बराच भाग मूळ विम्यातून होतो. जर्मनीत सुईण घरी येऊन आई-बाळाला तपासते. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात तर नव्या आयांचे गट स्थानिक आरोग्यसेवाच जुळवून देते.

तिथे पोचल्यावर पहिली ठिणगी उडते ती बाळ वाढवण्याच्या पद्धतीवरून. बाळाच्या पहिल्या तपासणीला लेकीबरोबर तुम्हीही जा, म्हणजे डॉक्टरांचं म्हणणं तुम्हालाही थेट कळेल. बाळाला उताणंच झोपवायचं, पाळण्यात उशी-गोधडी ठेवायची नाही, वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही, गुटीतूनसुद्धा नाही. हे नियम बाळाच्या जिवाशी निगडित आहेत. धुरीचं तर नावच काढू नका, धुराचा भोंगा वाजतो आणि बाळाच्या फुफ्फुसांना तो धूर बाधतोच. मालिश, अंगाई, गरम जेवण आणि आईला दुपारची झोप यावर कुणाचीच हरकत नसते. जिथे हरकत नाही, तिथे मनसोक्त आजीपण करा.

आणि सर्वांत महत्त्वाचं. पहिले सव्वा-दोन महिने सगळं हातात घ्या, लेकीला विश्रांती द्या. त्यानंतर मात्र हळूहळू मागे सरका. आठवड्यातून एकदा तिला आणि बाळाला घेऊन सार्वजनिक ग्रंथालयात जा. तिथे तान्ह्यांसाठी गाणी-गोष्टींचा मोफत तास असतो, आणि दर आठवड्याला तीच माणसं भेटली की ओळख आपसूक वाढते. तिच्या मैत्रिणींना बाळांसकट घरी बोलवा, पोहे तुम्ही करा. एखादीला डॉक्टरकडे जायचं असेल, तर तिचं बाळ तासभर तुमच्याकडे ठेवा. असे गट देण्याघेण्यावर चालतात. तुमच्या लेकीने आधी दिलं असेल, तर तुम्ही गेल्यावर मागताना तिला संकोच वाटणार नाही. शेवटच्या महिन्यात काही कामं मुद्दाम तिच्यावर सोपवून बघा, कुठे अडतं ते तुमच्या समोरच कळेल. परतताना तिच्याकडे अशा निदान तीन व्यक्ती असाव्यात, ज्यांना ती अवेळी फोन करू शकेल, आणि त्यांतली एक तरी चालत येण्याच्या अंतरावर हवी. फ्रीजमध्ये भरून ठेवलेल्या पुरणपोळ्यांपेक्षा तिला याचाच उपयोग जास्त होईल.

जाता जाता एक विनंती तुम्हाला आणि सगळ्याच वाचकांना. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवलीच्या सोसायट्यांत ओडिशा, बंगाल, केरळ, उत्तर प्रदेशातून आलेल्या कितीतरी तरुण आया आहेत. त्यांची आईही दोन दिवसांच्या प्रवासाच्या अंतरावर आहे, आणि इथली भाषा त्यांना नवीन आहे. आपल्या मजल्यावर असं एखादं घर असेल, तर बेल वाजवा, बाळाची चौकशी करा, बाळाच्या डॉक्टरांचा आणि मालिशवाल्या बाईंचा नंबर द्या. आपल्या लेकीला परदेशात कुणीतरी करावं असं वाटतं, ते आपल्या दारात आलेल्या लेकीसाठी आपण आजपासूनच करू शकतो.